नानपुरा की डिंडोली? एका घराचा हिशेब

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला बोलायला सांगितले आणि विषयही आमच्यावरच सोपवला. आम्ही काही व्याख्याते नव्हे. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत वीसेक वर्षे झाली. गुजरातीत ज्याला ‘अधिक मददनीश इजनेर’ म्हणतात तो आमचा हुद्दा, आणि एस्टिमेट व एम.बी. हेच आमचे वाङ्मय. तेव्हा साहित्य-संस्कृतीवर बोलण्यापेक्षा ज्यातले चार पैशाचे कळते त्यावरच बोलावे असे ठरवले.

आपल्या मंडळातली तरुण जोडपी भेटली की अलीकडे एकच प्रश्न कानावर येतो : शहरातले जुने घर सोडून बाहेर जावे का? मुले लहान आहेत, जागा पुरत नाही, पण आई-वडील इथे, नोकरी इथे, मंडळ इथे. काय करावे? आम्ही उभयता या प्रश्नातून नुकतेच गेलो आहोत. आमचे उत्तर सर्वांना लागू पडेल असे नाही. परंतु हिशेब कसा मांडला ते सांगितले, तर ज्यांना मांडायचा आहे त्यांचे काम थोडे हलके होईल.

प्रथम एक गोष्ट. ‘जुने घर सोडणे’ हे शब्द उच्चारले की घरात लगेच जड वातावरण होते, जणू आपण कोणता तरी गुन्हा करतो आहोत. पण सुरतेचे मराठी लोक मुळातच जागा बदलणारे आहेत. १८४४ साली दुर्गाराम मेहताजींच्या बरोबरीने सुरतेत मानवधर्म सभा काढणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर इथे शाळेच्या नोकरीनिमित्त आले होते. पुढे १९०० च्या सुमारास सुरत ते अमळनेर ताप्ती व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि खानदेशचा रस्ता उघडला. आमचे आजोबा त्याच लाइनने नंदुरबारहून आले. नंतर लूम आणि प्रोसेसिंगच्या कारखान्यांनी धुळे, जळगाव, नंदुरबारची गावेच्या गावे उधना-लिंबायतला आणली. यातला प्रत्येक जण कोणते तरी जुने घर सोडूनच आला.

आणि शहर तरी कुठे एका जागी राहिले? सुरत महानगरपालिका १९६६ साली झाली. २००६ पर्यंत तिचे क्षेत्रफळ सुमारे ११२ चौरस किलोमीटर होते. त्या वर्षी हद्द वाढून ते ३२६ च्या वर गेले, आणि २०२० मध्ये सचिन, कनकपूर-कनसाड आणि आणखी गावे घेतल्यावर ४६० च्या आसपास. आपल्यातल्या सत्तरीपुढच्या मंडळींना अडाजणची शेते आठवतात. आज अडाजणला कोणी ‘बाहेर’ म्हणत नाही. म्हणून ‘शहर की उपनगर’ हा वाद आम्ही घरात पहिल्याच दिवशी बंद केला. प्रश्न असा ठेवला : कोणत्या जागी राहिल्याने आपल्या घरातल्या प्रत्येक माणसाचा दिवस कसा जाईल?

आमची परिस्थिती थोडक्यात सांगतो. नानपुऱ्याच्या शेरीत वडिलोपार्जित घर. तीन खोल्या आणि माळा. त्यात दादा-वहिनी आणि त्यांची दोन मुले, आम्ही उभयता, आमची मुलगी व मुलगा, आणि आई. एकूण नऊ माणसे. भांडण नाही, पण दहावीचा पुतण्या माळ्यावर वाकून अभ्यास करतो आणि खाली आमचा धाकटा गाडी-गाडी खेळतो, हे किती दिवस चालणार? आमचे ऑफिस नानपुऱ्यातच, बहुमाळीत, पायी दहा मिनिटे. सौ. लिंबायत भागात महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षिका.

जागा तीन पाहिल्या. एक कामरेजच्या पलीकडे रो-हाउस. मागेपुढे मोकळी जागा, झोपाळा टांगायला ओटा, आणि किंमत सगळ्यांत कमी. दुसरी नदीपार पालला, जिथे आपल्या ओळखीतले बहुतेक जण गेले आहेत. तिसरी डिंडोलीला. तिसरीचे नाव काढले की समोरचा माणूस किंचित थांबून म्हणायचा, “अरे, तिकडे?” त्या एका शब्दाकडे आम्ही पुढे परत येणार आहोत.

आता हिशेब. आम्ही तो चार भागांत मांडला : वेळ, कागद, पाणी आणि माणसे. किंमत त्यात नाही असे कोणी म्हणेल. किंमत ब्रोकर सांगतोच. बाकीचे चार तो सांगत नाही.

पहिला भाग वेळेचा. कामरेजहून आमचे ऑफिस वीस किलोमीटरच्या वर. ऑफिसच्या वेळेला तास धरा. सौ.च्या शाळेलाही जवळपास तेवढाच. दोघांचे जाणे-येणे मिळून रोज चार तास. महिन्याला कामाचे २४ दिवस धरले तर ९६ तास, म्हणजे चार पूर्ण अहोरात्र. वर्षाला ४८ दिवस. रो-हाउस स्वस्त होते खरे, पण दर वर्षी दीड महिना रस्त्याला द्यायचा होता. पालहून आम्हाला २५ मिनिटे, पण सौ.ला नदी ओलांडून आणि सगळे शहर कापून ५० मिनिटांच्या वर. मिळून अडीच तास. डिंडोलीहून आम्हाला ४० आणि सौ.ला बारा, मिळून पावणेदोन तास. आणि नानपुऱ्यात होतो तेव्हा? सव्वा तास. म्हणजे डिंडोलीलाही फुकट काही नव्हते. जागा वाढते तेव्हा वेळ जातोच.

पण बेरजेपेक्षा महत्त्वाचे असते ते म्हणजे हे तास कोणाचे जातात. कागदावर तीन रकाने पाडले, आमचा, सौ.चा आणि मुलांचा, तेव्हा दिसले की पालच्या घरात जास्त वाढ सौ.च्या रकान्यात होती. सकाळी डबे, मुलांची तयारी, मग गाडी. संध्याकाळी येऊन पुन्हा स्वयंपाक. तो अर्धा-पाऊण तास कुठून येणार होता? झोपेतून. बंधूंनो, रागावू नका, पण मोठ्या हॉलची किंमत आपल्या बहुतेक घरांत बाईच्या झोपेतून वसूल होते, आणि वास्तुशांतीच्या दिवशी कौतुक मात्र हॉलचे होते. डिंडोलीच्या घरात उलट होते. सौ.चा वेळ निम्म्याहून कमी होत होता आणि वाढ आमच्या रकान्यात होती. नानपुऱ्यात पायी ऑफिसला जाण्याचे सुख आम्ही वीस वर्षे भोगले होते. आता आमची पाळी.

ब्रोकर सांगतो, “मेट्रो आली की बारा मिनिटे!” मेट्रोचे काम २०२१ पासून चालू आहे. सरथाणा ते ड्रीम सिटी आणि भेसाण ते सारोली असे दोन मार्ग, मिळून सुमारे ४० किलोमीटर. ती येईल तेव्हा आनंदच आहे. पण हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो, आणि शाळेची घंटा उद्या सकाळी वाजते. म्हणून हिशेब आजच्या रस्त्यावर करावा. सोमवारी सकाळी साडेनऊला स्वतः गाडी चालवून पाहावे. रविवारी दुपारी जाऊन “केवढे जवळ आहे” म्हणू नये.

दुसरा भाग कागदांचा. हा आमच्या धंद्यातला, म्हणून थोडा सविस्तर सांगतो. गुजरातेत १९७६ च्या नगररचना कायद्यान्वये टी.पी. स्कीम होते. जमीनमालकांच्या जमिनी एकत्र करून त्यातून रस्ते, बाग, शाळा यांसाठी वाटा काढतात आणि उरलेली जमीन फायनल प्लॉट म्हणून परत देतात. योजना चांगली आहे, पण ती कागदावरून जमिनीवर यायला वर्षे लागतात. नकाशात बिल्डिंगसमोर रुंद रस्ता असतो आणि जागेवर बाभळी असतात. म्हणून टी.पी. कोणत्या टप्प्यात आहे आणि रस्त्याचा ताबा घेतला आहे का, हे विचारावे.

बी.यू. परमिशन, म्हणजे इमारत वापरण्याची परवानगी, पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये. “सगळे तसेच राहतात” हे उत्तर नव्हे. जुलै २०२४ मध्ये सचिनजवळ पाली येथे सहा मजली इमारत कोसळली आणि सात जणांचा जीव गेला. ती इमारत काही शंभर वर्षांची नव्हती, दहा वर्षांचीही झाली नव्हती. मुलांना ज्या इमारतीत ट्यूशनला पाठवणार तिचा जिनाही पाहावा. मे २०१९ मधली सरथाण्याची तक्षशिला आर्केडची आग सुरतेच्या कोणत्याही आई-बापाने विसरू नये. बावीस मुले गेली.

क्षेत्रफळ कार्पेटचे विचारावे. २०१६ च्या रेरा कायद्याने विक्री कार्पेटवर करायची आहे, तरी तोंडी दर अजून ‘सुपर बिल्टअप’चाच सांगतात. हजार फुटांच्या म्हणून दाखवलेल्या एका फ्लॅटमध्ये आम्ही खिशातून टेप काढली. भिंतीपासून भिंतीपर्यंत साडेसहाशेही भरेना. दाखवणारा मुलगा म्हणाला, “साहेब, तुम्ही पहिलेच मोजणारे.”

आणखी एक फायद्याची गोष्ट. आपल्याकडे स्टॅम्प ड्यूटी ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का. घर एकट्या स्त्रीच्या नावावर घेतले तर नोंदणी फी माफ आहे. ४० लाखांच्या दस्तावेजावर ड्यूटी १ लाख ९६ हजार होते. नोंदणीचे ४० हजार वाचतात. सौ.च्या नावावर घर घेण्याचे हे एकच कारण नव्हे, पण घरातल्या ज्येष्ठांना पटवायला ते उपयोगी पडते.

तिसरा भाग पाण्याचा. सुरतेत पाणी दोन दिशांनी येते. एक तापीचे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून नऊ लाख क्युसेक्सच्या आसपास पाणी आले, तेव्हा नदीकाठी राहणाऱ्या आपल्यापैकी कोणाला काय सोसावे लागले ते सांगायला नको. आम्ही नानपुऱ्यात माळ्यावर दिवस काढले. दुसरे पाणी खाड्यांचे. मीठी खाडी, कोयली खाडी, भेडवाड खाडी. नदी शांत असली तरी वर जोराचा पाऊस झाला की खाडीकाठचे भाग भरतात. पर्वत पाटिया, लिंबायतच्या मंडळींना हे ठाऊक आहे. तेव्हा ‘अमुक भाग चांगला, तमुक भाग वाईट’ असे म्हणण्यात अर्थ नाही. एकाच भागात दोन सोसायट्यांमध्ये चार फुटांचा फरक असतो. दूधवाला, रिक्षावाला आणि कोपऱ्यावरचा पानवाला यांना विचारावे : “गेल्या पावसात पाणी कुठपर्यंत आले होते?” ते हात दाखवून सांगतात. बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत ते कुठेच नसते.

इथे एक सूचना. २००६ चा पूर ओसरल्यावर घरोघर एकच भाषा होती, ‘आता इथे राहायचे नाही.’ १९९४ च्या प्लेगच्या वेळीही हीच भाषा होती, असे वडील सांगत. आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत हेच शहर स्वच्छतेसाठी देशात नावाजले गेले. भीतीच्या आठवड्यात घर सोडू नये आणि दिवाळीच्या ऑफरच्या आठवड्यात घर घेऊ नये.

म्हणून आम्ही काय केले? डिंडोलीत एक फ्लॅट अकरा महिन्यांच्या भाडेकराराने घेतला आणि जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, राहायला गेलो. नातेवाईक हसले. “स्वतःचे घर असताना भाडे भरता?” आम्ही सांगितले, सरकारी काम आहे, आधी ट्रायल पिट खणल्याशिवाय आम्ही पाया घेत नाही. अकरा महिन्यांचे भाडे ही आयुष्यभराच्या कर्जाची परीक्षा-फी समजावी. त्या पावसाळ्यात कळले की आमच्या गल्लीत पाणी भरत नाही, पण दोन गल्ल्या सोडून भरते. पुढे घर घेताना ते दोन गल्ल्यांचे अंतर सगळ्या कागदांइतकेच उपयोगी पडले.

चौथा भाग माणसांचा, आणि इथे तो “अरे, तिकडे?” येतो. मंडळींनो, स्पष्ट बोलतो, आपलीच माणसे आहात म्हणून. नानपुरा, गोपीपुरा, अठवा या भागांतली आपण जुनी कुटुंबे. नोकरदार, शिकलेली. लिंबायत-डिंडोली म्हणजे खानदेशची कामगार वस्ती, असे आपल्या मनात कुठेतरी बसले आहे. आपल्या मुलांनी मराठी बोलावे म्हणून आपण बालनाट्य बसवतो, अथर्वशीर्षाचे वर्ग घेतो. आणि ज्या भागात भाजीवालीपासून डॉक्टरपर्यंत मराठी बोलले जाते, जिथे मराठी माध्यमाच्या शाळा अजून चालू आहेत, त्या भागाचे नाव काढले की आपण थांबतो.

आमची मुले इंग्रजी माध्यमात आहेत. घरात आम्ही मराठी बोलायचो आणि ती गुजरातीत उत्तर द्यायची. डिंडोलीला गेल्यावर तीन महिन्यांत धाकटा खालून ओरडत आला, “पप्पा, काय करी ऱ्हायना?” शुद्ध अहिराणी! आई प्रथम दचकली, मग डोळे पुसत हसली. आजोबा असेच बोलायचे. आपल्या घरातून दोन पिढ्यांपूर्वी गेलेली बोली क्रिकेटच्या मैदानावरून परत आली.

आईचेही सांगतो, कारण प्रत्येक घरात खरा प्रश्न तिथेच अडतो. आईला कोण नेणार, आई कोणाकडे राहणार, अशी चर्चा दादा आणि आम्ही करत होतो. ती ऐकून आई म्हणाली, “मला वाटून घेऊ नका रे. मी जाईन-येईन ती माझ्या पायाने.” तिने तीन अटी घातल्या : देऊळ, भाजी आणि औषधाचे दुकान पायी जाण्याच्या अंतरावर हवे. घर शोधताना आम्ही या अटी पार्किंगच्या वर ठेवल्या. आता ती कधी नानपुऱ्यात असते, कधी आमच्याकडे. बसचे नंबर तिला आमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत. शेजारच्या मावशींनी आखाजीला तिला खापरावरचे मांडे करायला बसवले, आणि चाळीस वर्षांनी हात वळला म्हणून ती दोन दिवस खूश होती.

सगळे गोड झाले असे सांगणे खरे होणार नाही. मुलीच्या मैत्रिणी नानपुऱ्यात राहिल्या. चालू वर्ष मोडू नये म्हणून ती व्हॅनने तासभर जुन्या शाळेत जात होती. ती कितीतरी दिवस आमच्याशी नीट बोलली नाही. शाळा बदलल्यावरही शनिवार आला की तिला नानपुरा आठवतो, आणि आम्ही तिला नेतो. पुतण्याला अभ्यासाला खोली मिळाली, पण वहिनी म्हणतात घर फार मोठे झाले. चौपाटीवरची संध्याकाळ गेली. या गोष्टी हिशेबात धराव्याच लागतात. त्या शून्य धरल्या की नंतर घरात अबोला येतो.

अकरा महिने झाल्यावर आम्ही चौघे आणि आई एकत्र बसलो. मुलांनाही विचारले. मुलगी म्हणाली, “शनिवार माझा असेल तर चालेल.” ती अट मान्य झाली. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास दस्तावेज झाला, सौ.च्या नावावर.

आता शेवटची विनंती, आणि ती तरुण जोडप्यांना नसून मंडळाला आहे. पाच-सात वर्षांत आपली निम्मी कुटुंबे पाल, वेसू, डिंडोली, कामरेज अशी विखुरतील. प्रत्येक बैठकीत आपण म्हणतो, “हल्ली तरुण येत नाहीत.” त्यांनी यावे कसे? सात वाजता ऑफिस सुटल्यावर, दोन मुले स्कूटरवर घेऊन, पंधरा किलोमीटर? जे तास आम्ही घराच्या हिशेबात मोजले तेच तास ते मंडळाच्या हिशेबातही मोजतात. म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पुढच्या उत्सवातला निदान एक कार्यक्रम नदीपार आणि एक डिंडोली-उधना भागात व्हावा. मंडळाच्या वाचनालयातली पुस्तके पेट्यांत भरून दर दोन महिन्यांनी सभासदांच्या घरी फिरावीत. एक पेटी सांभाळायला आमचे घर तयार आहे. आणि बालनाट्याच्या तालमीत डिंडोलीच्या मराठी शाळेतली मुले आपल्या मुलांबरोबर असावीत. अहिराणी बोलणारा एखादा गणपती रंगमंचावर आला तर बाप्पा रागावणार नाही.

तरुणांना एवढेच सांगतो : घाई करू नका, आणि दहा वर्षे नुसती चर्चाही करू नका. तीन रकाने पाडा, सोमवारी सकाळी रस्ता मोजा, एक पावसाळा भाड्याने काढा, आणि घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारा. ते माणूस ‘हो’ म्हणाले तर पत्ता कोणताही असो, घर जमेल.

 जय महाराष्ट्र, जय गुजरात! गणपती बाप्पा मोरया!